वावडिंग, गांडूळ आणि जंताची गोळी

‘डॉक्टर, घरात वावडिंग असताना पोराला शाळेतली जंताची गोळी कशाला?’ असे पालक मला नेहमी विचारतात. वाडवडिलांचा अनुभव खोटा का, असाही त्यांचा सवाल असतो. अनुभव खोटा नाही. पण तो पारखून घ्यावा लागतो. ही पारख कशी होते ते आज पाहू.

प्रथम जंतू आणि जंत यांतला फरक ध्यानात घ्यावा. जंतू म्हणजे डोळ्यांना न दिसणारे जिवाणू वगैरे. जंत म्हणजे आतड्यात राहणाऱ्या कृमी. दोहोंची परीक्षा वेगळी.

जंतूंसाठी काचेच्या बशीत अगार नावाच्या घट्ट पदार्थावर जिवाणू पसरतात. वनस्पतीच्या अर्कात भिजवलेली कागदाची चकती त्यावर ठेवून बशी ३७ अंश सेल्सिअसला साधारण एक दिवस ठेवतात. अर्क गुणी असेल तर चकतीभोवती जिवाणू वाढत नाहीत व स्वच्छ कडे दिसते. त्याची रुंदी मिलिमीटरमध्ये मोजतात.

जंतांसाठी आपल्याकडे पहिल्या चाचणीत बहुधा गांडुळे घेतात. ती सहज मिळतात व त्यांची ठेवण गोल जंतांशी काहीशी मिळतीजुळती असते. अर्कात सोडलेले गांडूळ किती मिनिटांत लुळे पडते व मरते, ते घड्याळ लावून पाहतात. तुलनेसाठी शेजारी अल्बेंडाझोल असते. वावडिंग व पळसबीच्या अर्कांनी अशा चाचण्यांत गुण दाखवला आहे.

पण ही केवळ पहिली पायरी झाली. मिठानेही गांडूळ मरते. म्हणून मीठ काही जंतांचे औषध ठरत नाही. पोटात गेलेला अर्क जंतापर्यंत पुरेसा पोचतो का, मात्रा किती आणि अपाय कोणता, हे पुढे प्राण्यांवर व मग माणसांवर तपासावे लागते. किरमाणी ओव्यातले सँटोनिन एकेकाळी जंतांवर सर्रास देत. ते गुणकारी होते. पण रुग्णाला सारे पिवळे दिसे, मात्रा जास्त झाल्यास झटके येत. सुरक्षित औषधे आल्यावर ते मागे पडले. वावडिंगातल्या एम्बेलिनचाही प्राण्यांच्या प्रजननक्षमतेवर परिणाम दिसला आहे. म्हणून गर्भवतींनी ते मनाने घेऊ नये.

सगळ्या पायऱ्या चढलेली वनस्पतीही आहे. चीनच्या तू योयो यांनी जुन्या औषधी वनस्पतीतून हिवतापावरचे आर्टेमिसिनिन मिळवले. त्यांना २०१५ साली नोबेल मिळाले.

अल्बेंडाझोल या पायऱ्या चढून आले आहे. राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळा-अंगणवाडीत दोन वर्षांवरील मुलांना ४०० मिलिग्रॅमची एक गोळी, एक ते दोन वर्षांच्या बाळांना अर्धी देतात. ती चुकवू नका. अंकुशकृमी आतड्यातून रक्त शोषतात, मूल पांढरेफटक पडते. नखे कापा, शौचानंतर साबणाने हात धुवा, पायांत चपला घाला. वावडिंग आवडत असेल तर वैद्यांच्या सल्ल्याने घ्या. मात्र गोळीऐवजी नको.