वाळणाऱ्या भाताच्या दाण्यातील ओलाव्याचे चित्रण

प्रास्ताविक

भाताची कापणी साधारणतः २० ते २४ टक्के ओलावा असताना होते. साठवणुकीसाठी हा ओलावा १४ टक्क्यांपर्यंत किंवा त्याहून खाली आणावा लागतो. २२ टक्के ओलाव्याच्या १०० किलो भातात ७८ किलो कोरडा अंश असतो. तो भात १४ टक्क्यांवर आला की वजन सुमारे ९०.७ किलो भरते. म्हणजे ८ नव्हे, तर ९.३ किलो पाणी निघून गेलेले असते. मात्र हे पाणी दाण्याच्या कोणत्या भागातून आणि किती घाईने गेले, हे या आकड्यावरून कळत नाही. भरडताना दाणा अखंड राहणार की त्याची कणी होणार, हे पुष्कळ अंशी त्यावरच ठरते. आणि कणीला अखंड तांदळाचा भाव मिळत नाही.

चित्रणाचे तत्त्व

धान्य उष्णतेने वाळवून वजनातील घट मोजण्याच्या रूढ पद्धतीने सरासरी ओलावा मिळतो. दाण्याच्या आतील वाटणी पाहण्यासाठी रुग्णालयातून परिचित झालेले एमआरआय तंत्र उपयोगी पडते. पॉल लॉटरबर यांनी १९७३ साली पाण्याच्या दोन बारीक नळ्यांची अशी प्रतिमा प्रसिद्ध केली. पुढे २००३ साली त्यांना व पीटर मॅन्सफील्ड यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

पाण्यातील हायड्रोजनचे प्रोटॉन चुंबकीय क्षेत्रात ठरावीक वारंवारतेचा संकेत देतात. १ टेस्ला क्षेत्रात ती सुमारे ४२.५८ मेगाहर्ट्झ असते. क्षेत्राची तीव्रता एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वाढत ठेवली, तर वारंवारतेवरून स्थान आणि संकेताच्या बळावरून पाण्याचे प्रमाण काढता येते. दाणा न कापता तोच दाणा पुन:पुन्हा पाहता येतो, हा या पद्धतीचा मोठा लाभ आहे.

चित्र वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. दाणा कोरडा होत गेला की उरलेले पाणी पिष्टाशी घट्ट बांधलेले असते व त्याचा संकेत अत्यल्प काळात विरतो. म्हणून काळा दिसणारा भाग निर्जल असेलच असे नाही. तसेच अंकुरातील तेलातही हायड्रोजन असल्याने तेथील सारी चकाकी पाण्याची नसते.

तडा केव्हा जातो?

वाळताना पृष्ठभाग आधी कोरडा होतो, गाभा मागे राहतो. आतील पाणी विसरणाने बाहेर येते आणि त्याला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट झाल्यास वेळ चौपट लागतो. त्यामुळे हवा कितीही तापवली तरी गाभ्यातील पाणी त्याच वेगाने पृष्ठभागापर्यंत पोहोचत नाही. पृष्ठभाग आकसतो व ताणला जातो.

पुष्कळदा तडा वाळवणे थांबल्यानंतर जातो. गाभ्यातील ओलावा कोरड्या पृष्ठभागाकडे सरकतो, पृष्ठभाग फुगतो आणि आता ताण गाभ्यावर येतो. म्हणून वाळवून काढलेला धडधाकट दाणा काही तासांनी तडकलेला आढळतो. उन्हात कडक वाळलेला भात रात्री दवात उघडा राहिला, तरी असेच घडते.

यावरचा उपाय म्हणजे टप्प्याटप्प्याने वाळवणे व मधे विसावा देणे. विसाव्यात ओलाव्याची वाटणी समान होते. गोव्यात व कोकणात नित्य खाल्ल्या जाणाऱ्या उकड्या तांदळालाही हे लागू आहे. उकडल्याने जुने तडे सांधले जातात, पण नंतरच्या वाळवणीत घाई केल्यास नवे पडतात. म्हणून ओलावा १६ ते १८ टक्क्यांवर आला की काही तास थांबणे हितकारक ठरते.

वर्गातील प्रयोग

एमआरआय यंत्र महाविद्यालयांच्या आवाक्याबाहेरचे आहे. तडे पाहणे मात्र नाही. ओल्या भाताचे दोन भाग करावेत. एक सलग कडक उष्णतेत वाळवावा, दुसरा विसावा देऊन. दोन्ही दोन दिवस बंद बरणीत ठेवून प्रत्येकातील १०० दाणे हाताने सोलावेत आणि दिव्यासमोर धरून तडकलेले दाणे मोजावेत. दोन्ही बरण्यांतील सरासरी ओलावा सारखा असूनही तड्यांची संख्या वेगळी का, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवावा. विसरणाचा धडा तेथूनच सुरू करता येईल.