क्लब ऑफ रोम

क्लब ऑफ रोम : मानवजातीपुढील दीर्घकालीन व जागतिक स्वरूपाच्या समस्यांचा साकल्याने विचार करणारी एक खाजगी आंतरराष्ट्रीय संस्था. स्थापना एप्रिल १९६८ मध्ये रोम येथे झाली व त्या स्थळावरून संस्थेला हे नाव पडले. शास्त्रज्ञ, अर्थतज्ज्ञ, उद्योगपती, शिक्षणतज्ज्ञ व प्रशासनाचा अनुभव असलेल्या व्यक्ती हे तिचे सभासद होत. सभासदसंख्या शंभरापुरती मर्यादित ठेवावी आणि सत्तेच्या पदावर असलेल्या व्यक्तीस सभासद करून घेऊ नये, असा प्रारंभीचा दंडक होता. संस्था स्वतः संशोधन करण्यापेक्षा तज्ज्ञांकडून अहवाल तयार करून घेते व ते जनतेपुढे आणि राज्यकर्त्यांपुढे ठेवते.

पार्श्वभूमी : भविष्यकाळाचा पद्धतशीर अभ्यास ही दुसऱ्या महायुद्धानंतरची ज्ञानशाखा होय. प्रारंभी तिचा उपयोग मुख्यतः लष्करी नियोजनासाठी झाला. भविष्य हे एकच व अटळ नसून मानवाच्या निर्णयांवर अवलंबून असणारी अनेक संभाव्य भविष्ये असतात, ही भूमिका फ्रेंच विचारवंत बेर्त्राँ द झुव्हनेल याने १९६० मध्ये पॅरिस येथे सुरू केलेल्या ‘फ्यूतुरिब्ल’ या उपक्रमातून मांडली. १९६६ मध्ये वॉशिंग्टन येथे वर्ल्ड फ्यूचर सोसायटी स्थापन झाली. १९६७ मध्ये ऑस्लो येथे भविष्यसंशोधनावर एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि तिच्यापासून सुरू झालेल्या प्रयत्नांतून १९७३ मध्ये पॅरिस येथे वर्ल्ड फ्यूचर्स स्टडीज फेडरेशन ही संघटना उभी राहिली. क्लब ऑफ रोम ही याच कालखंडातील संस्था असली, तरी भविष्याभ्यास विद्वानांच्या वर्तुळाबाहेर नेऊन सामान्य वाचकांच्या चर्चेचा विषय करण्याचे कार्य प्रामुख्याने तिने केले.

स्थापना : संस्थेचा मुख्य प्रवर्तक आउरेल्यो पेच्चेई (१९०८–८४) हा इटालियन उद्योगपती होता. महायुद्धकाळात फॅसिस्टविरोधी प्रतिकार चळवळीत भाग घेतल्याबद्दल त्याला कारावास भोगावा लागला. युद्धानंतर त्याने फियाट कंपनीचा अर्जेंटिनातील कारभार सांभाळला व पुढे ऑलिव्हेत्ती कंपनीचे नेतृत्व केले. विकसनशील देशांतील प्रदीर्घ अनुभवावरून त्याचे असे मत बनले की, लोकसंख्या, अन्न, ऊर्जा, प्रदूषण, दारिद्र्य व शस्त्रस्पर्धा हे सुटे प्रश्न नसून एकमेकांत गुंतलेले आहेत. परंतु शासनसंस्था, विद्यापीठे व आंतरराष्ट्रीय संघटना ते खातेवार सोडवू पाहतात. या गुंत्याला पुढे ‘समस्यासंकुल’ या अर्थाची संज्ञा रूढ झाली. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेतील विज्ञानविषयक विभागाचा प्रमुख, ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ अलेक्झांडर किंग (१९०९–२००७) हाही स्वतंत्रपणे अशाच निष्कर्षाप्रत आला होता. दोघांच्या पुढाकाराने रोममधील आकादेमिआ देई लिंचेई या विद्वत्संस्थेत दहा देशांतील सु. ३० व्यक्तींची बैठक भरली. बैठकीत फारसे एकमत झाले नाही. तथापि मोजक्या सभासदांनी काम पुढे चालू ठेवण्याचे ठरविले.

वृद्धीच्या मर्यादा : १९७० मध्ये बर्न येथील बैठकीत मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील प्राध्यापक जे फॉरेस्टर (१९१८–२०१६) याने ‘प्रणाली गतिकी’ ही आपली पद्धत जागतिक समस्यांना लावून दाखविण्याची तयारी दर्शविली. पश्चिम जर्मनीतील फोल्क्सवागेन प्रतिष्ठानाने अर्थसाहाय्य दिले. डेनिस मेडोज याच्या नेतृत्वाखालील तरुण संशोधकांच्या गटाने तयार केलेला द लिमिट्स टू ग्रोथ हा अहवाल मार्च १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. डोनेला मेडोज, डेनिस मेडोज, यॉर्गेन रँडर्स व विल्यम बेरेन्स हे त्याचे लेखक होत. सु. ३० भाषांत त्याची भाषांतरे झाली व लक्षावधी प्रती खपल्या.

अहवालाचा आधार ‘वर्ल्ड ३’ हे संगणकीय प्रतिमान होते. लोकसंख्या, अन्नोत्पादन, औद्योगिक उत्पादन, पुनर्निर्माण न होणारी साधनसंपत्ती व प्रदूषण या पाच घटकांचे परस्परसंबंध त्यात गणिती समीकरणांनी मांडलेले होते. यांतील काही संबंध स्वतःलाच बळकटी देणारे असतात. भांडवल वाढले की उत्पादन वाढते, उत्पादनाचा काही भाग पुन्हा गुंतविला जातो व त्यामुळे भांडवल आणखी वाढते. अशी वाढ चक्रवाढ व्याजासारखी असते. सरळ व्याजाने दर वर्षी ठराविक रक्कम मिळते. चक्रवाढीत मिळणारी रक्कमच दर वर्षी मोठी होत जाते. १९७० च्या सुमारास जगाची लोकसंख्या प्रतिवर्षी सु. २·१ टक्के या वेगाने वाढत होती. हा आकडा वरवर लहान दिसतो. पण या वेगाने लोकसंख्या सु. ३३ वर्षांत दुप्पट होते. मर्यादित साठ्याच्या संदर्भात या गणिताचा परिणाम असा होतो की, शेवटच्या एका दुपटीपूर्वी निम्मा साठा शिल्लक दिसतो आणि संकट दूर आहे असा भास होतो.

दुसरी महत्त्वाची बाब म्हणजे विलंब. प्रदूषक द्रव्य वातावरणात सोडणे व त्याचा उपद्रव जाणवणे यांत अनेक वर्षे जातात. जन्मप्रमाण घटले तरी तरुणांची संख्या मोठी असल्याने लोकसंख्या आणखी काही दशके वाढतच राहते. धोक्याची सूचना मिळेपर्यंत मर्यादा ओलांडली गेलेली असते. म्हणून प्रतिमानातील आलेख मर्यादेजवळ येऊन हळूहळू स्थिरावत नाहीत, तर मर्यादेपलीकडे जाऊन नंतर वेगाने खाली कोसळतात.

प्रचलित धोरणे बदलली नाहीत, तर २१०० पूर्वी लोकसंख्या व औद्योगिक उत्पादन यांत अशी घसरण होईल, असे प्रतिमानाच्या मूळ आवृत्तीत दिसून आले. साधनसंपत्तीचा साठा दुप्पट धरला, तर घसरण प्रदूषणामुळे झाली. प्रदूषणावर नियंत्रण धरले, तर शेतजमिनीची कमतरता आड आली. तथापि हा अहवाल केवळ विनाशाचा इशारा नव्हता. जन्म व मृत्यू यांचा समतोल साधला, भांडवलाची वाढ झिजेइतकीच राखली आणि साधनांची काटकसर केली, तर सर्वांच्या मूलभूत गरजा भागविणारी स्थिर समाजव्यवस्था शक्य आहे, असेही त्यात दाखविलेले होते. हे उपाय १९७५ ऐवजी २००० मध्ये योजल्यास समतोल टिकत नाही, हा त्यातील निष्कर्ष मात्र अधिक अस्वस्थ करणारा होता.

टीका : अहवालावर दोन बाजूंनी टीका झाली. पहिली अर्थशास्त्रज्ञांची. एखादी वस्तू दुर्मिळ झाली की तिची किंमत वाढते, वापर घटतो, पर्यायी वस्तू पुढे येतात व नव्या साठ्यांचा शोध लागतो. या प्रक्रियेला प्रतिमानात पुरेसे स्थान नव्हते, असा त्यांचा आक्षेप होता. ससेक्स विद्यापीठातील संशोधकांनी १९७३ मध्ये प्रतिमानाची तपशीलवार चिकित्सा केली व गृहीतके थोडी बदलली तरी निष्कर्ष बदलतात, हे दाखवून दिले. या वादात अहवालाचा काहीसा विपर्यासही झाला. खनिज तेल १९९२ मध्ये संपेल असे भाकित त्यात आहे, असे पुढे वारंवार सांगितले गेले. वस्तुतः तत्कालीन ज्ञात साठा वाढत्या वापराने २० वर्षे पुरेल, तर साठा पाचपट मानल्यास ५० वर्षे पुरेल, असे उदाहरणादाखल दिलेले ते कोष्टक होते. साठा पाचपट होऊनही मुदत अडीचपटच वाढते, हा त्यातील मुद्दा होता.

दुसरी टीका तिसऱ्या जगातून झाली व ती अधिक मूलगामी होती. वृद्धी थांबवावी हा सल्ला पोट भरलेल्यांना परवडणारा आहे. ज्यांनी वृद्धीची फळे अद्याप चाखलेलीच नाहीत, त्यांना तो दारिद्र्यात खिळवून ठेवील, अशी या टीकेची दिशा होती. पाकिस्तानी अर्थशास्त्रज्ञ महबूब उल हक याने १९७२ मध्येच प्रतिमानाच्या गृहीतकांवर आक्षेप घेतले. अर्जेंटिनातील बारिलोचे प्रतिष्ठानाच्या, आमिल्कार एरेरा याच्या नेतृत्वाखालील गटाने १९७६ मध्ये पर्यायी प्रतिमान प्रसिद्ध केले. मानवजातीपुढील खऱ्या मर्यादा भौतिक नसून सत्ता व संपत्ती यांच्या विषम वाटपातून आलेल्या आहेत, असे त्याचे प्रतिपादन होते. बहुसंख्य मानवजातीच्या दृष्टीने आपत्ती भविष्यात नसून वर्तमानातच आहे, हा त्यातील विचार भविष्याभ्यासाला नवी दिशा देणारा ठरला.

नंतरचे अहवाल : या टीकेचा परिणाम संस्थेच्या पुढील कार्यावर झाला. मिहाइलो मेसारोव्हिच व एडुआर्ट पेस्टेल यांच्या मॅनकाइंड ॲट द टर्निंग पॉइंट (१९७४) या अहवालात जग एकजिनसी न मानता त्याचे दहा विभाग कल्पिले असून, अनिर्बंध वृद्धी व सजीवाप्रमाणे अंगप्रत्यंगांच्या गरजेनुसार होणारी वृद्धी यांत भेद केला आहे. दक्षिण आशियातील अन्नतुटीच्या धोक्याकडे त्यात विशेष लक्ष वेधले होते. डच अर्थशास्त्रज्ञ यान टिनबर्खेन याच्या नेतृत्वाखालील अहवालात (१९७६) श्रीमंत व गरीब राष्ट्रांमधील आर्थिक संबंधांच्या पुनर्रचनेचा विचार आहे. एर्व्हिन लासलो याच्या गटाने १९७७ मध्ये विविध समाजांच्या उद्दिष्टांचा आढावा घेतला.

व्यक्तिविकास व भविष्य : बाह्य मर्यादांच्या चर्चेतून पेच्चेई हळूहळू आंतरिक मर्यादांकडे वळला. द ह्यूमन क्वालिटी (१९७७) या ग्रंथात त्याने असे प्रतिपादन केले की, मानवाने भौतिक सामर्थ्य अतोनात वाढविले. परंतु ते जबाबदारीने वापरण्याची आंतरिक कुवत त्या प्रमाणात वाढविली नाही. म्हणून माणसाच्या गुणवत्तेचा विकास हीच सर्व उपायांची पूर्वअट होय. या विचाराचा विस्तार नो लिमिट्स टू लर्निंग (१९७९) या अहवालात आढळतो. अमेरिका, मोरोक्को व रूमानिया या तीन भिन्न समाजांतील जेम्स बॉटकिन, महदी एल्मांज्रा व मिर्चा मालिट्सा हे त्याचे लेखक होत. त्यांनी शिक्षणाचे दोन प्रकार मानले आहेत : ज्ञात प्रश्नांची ठरीव उत्तरे देणारे, परंपरा टिकविणारे शिक्षण आणि अपरिचित परिस्थितीला तोंड देण्यास समर्थ करणारे नवोन्मेषी शिक्षण. पहिल्या प्रकारावर विसंबणारा समाज एरव्ही सुरळीत चालतो. पण परिस्थिती पालटली की त्याला धक्का बसल्यावरच शहाणपण येते. धक्क्याने शिकण्याची ही जुनी रीत आता धोक्याची झाली आहे. कारण अणुयुद्धासारख्या धक्क्यानंतर शिकण्यास कोणी उरेलच असे नाही. नवोन्मेषी शिक्षणाची पूर्वदृष्टी व सहभाग ही दोन अंगे आहेत. पूर्वदृष्टी म्हणजे परिणामांचा आगाऊ विचार. सहभाग म्हणजे निर्णयप्रक्रियेत सर्वांना स्थान. सहभागावाचून पूर्वदृष्टी निष्फळ व पूर्वदृष्टीवाचून सहभाग आंधळा ठरतो, असा लेखकांचा आशय आहे.

संघटना : पेच्चेईच्या मृत्यूनंतर किंग अध्यक्ष झाला. त्याने व बर्त्राँ श्नायडर याने लिहिलेला द फर्स्ट ग्लोबल रेव्होल्यूशन हा अहवाल १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे स्पेनचे रिकार्दो दिएस-हॉखलाइटनर व जॉर्डनचे राजपुत्र अल् हसन बिन तलाल यांनी हे पद भूषविले. दिल्लीच्या डेव्हलपमेंट अल्टरनेटिव्ह्ज या संस्थेचे संस्थापक अशोक खोसला हे २०१२ पर्यंत सहअध्यक्ष होते. २००८ मध्ये संस्थेचे कार्यालय हँबर्गहून स्वित्झर्लंडमधील विंटरटूर येथे हलविण्यात आले. २०१८ मध्ये सँड्रीन डिक्सन-डेक्लेव्ह व मांफेला रांफेले या दोन स्त्रियांची सहअध्यक्षपदी निवड झाली. पहिल्या अहवालाच्या पन्नासाव्या वर्षी, २०२२ मध्ये, अर्थ फॉर ऑल हा अहवाल प्रसिद्ध झाला. दारिद्र्यनिर्मूलन, विषमतेत घट, स्त्रियांचे सबलीकरण, अन्नव्यवस्था व ऊर्जाव्यवस्था यांतील मूलभूत बदल हे त्याचे पाच मुख्य विषय होत.

मूल्यमापन : अर्धशतकानंतर पाहता, १९७२ च्या अहवालातील सर्वच अपेक्षा सारख्या प्रमाणात खऱ्या ठरलेल्या नाहीत. जगाची लोकसंख्या २०२२ मध्ये आठ अब्जांवर गेली. मात्र वाढीचा वार्षिक वेग एक टक्क्याच्या खाली आला. दक्षिण आशियात अपेक्षित असलेली अन्नटंचाई ओढवली नाही. भारताचे अन्नधान्योत्पादन १९७०–७१ मधील सु. १०·८ कोटी टनांवरून २०२०–२१ मध्ये ३१ कोटी टनांच्या आसपास गेले. परंतु त्यासाठी देशाच्या अनेक भागांत भूजलाचा उपसा पुनर्भरणापेक्षा अधिक झाला, म्हणजे एक मर्यादा मागे सारताना दुसरी जवळ आली. हे प्रतिमानातील तर्काशी सुसंगतच आहे. हवेतील कार्बन डाय-ऑक्साइडचे प्रमाण २००० पर्यंत दशलक्ष भागांत सु. ३८० होईल, हा अहवालातील अंदाज प्रत्यक्षातील सु. ३७० च्या बराच जवळचा ठरला. ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ ग्रॅहॅम टर्नर याने २००८ मध्ये तीस वर्षांच्या आकडेवारीची प्रतिमानाशी तुलना केली. तीत प्रत्यक्ष वाटचाल धोरणे न बदलणाऱ्या मूळ आवृत्तीशी बरीच जुळणारी आढळली. उलटपक्षी, ओझोनच्या थराला हानी पोहोचविणाऱ्या द्रव्यांवरील निर्बंधांचा १९८७ चा माँट्रिऑल करार हे पूर्वसूचना वेळीच मानल्याचे ठळक उदाहरण होय.

संस्थेचे सभासद निवडलेले असतात, लोकांनी निवडून दिलेले नसतात; तिच्यामागे कोणतीही अंमलबजावणीची सत्ता नाही. त्यामुळे तिच्या प्रयत्नांना उच्चभ्रूंचा उपदेश म्हणूनही हिणविले गेले आहे. तथापि पृथ्वीच्या मर्यादा, राष्ट्राराष्ट्रांतील विषमता आणि व्यक्तीची विचारशक्ती हे तीन विषय एकाच प्रश्नाची अंगे आहेत, ही जाणीव रूढ करण्यात या संस्थेचा वाटा मोठा आहे. शाश्वत विकासाची कल्पना पुढे १९८० नंतर जगन्मान्य झाली. तिची वैचारिक पूर्वतयारी बऱ्याच अंशी या अहवालांनी व त्यांवरील वादांनी केलेली होती.