मुठीतले बळ पुन्हा आणता येते



बेणे लावायचे ते हाताने, खुरपायचे ते हाताने, धार काढायची तीही हाताने. इंजिनाला वेळच्या वेळी ऑईल घालणारे आपण, हाताची मात्र कधी विचारपूस करीत नाही. म्हणून आमच्याच घरातली हकीगत ह्या अंकात सांगतो. दुसऱ्या कुणाच्या घरी उपयोगी पडली तर बरे.

आमच्या सौ.च्या नावावर एक शेअर आहे आणि दीड एकर ऊस तिच्याच नावाने नोंदला जातो. चार वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही हातांची बोटे सुजू लागली. सकाळी उठल्यावर तास-दीड तास मूठ मिटेना. एके दिवशी धारेची भरली चरवी हातातून सुटली. ‘वाऱ्याचं असेल,’ म्हणून आम्ही सोडून दिले. कोणी सांगितले म्हणून पांढऱ्या पुड्या आणल्या. चार दिवसांत हात मोकळे झाले, आम्ही खूष! पण पुढे चेहरा सुजला, आणि पुडी थांबली की दुखणे दुप्पट. असल्या पुड्यांत पुष्कळदा स्टिरॉइड मिसळलेले असते, हे ज्ञान आम्हांला उशिरा झाले.

सीवूड्सला काय कळले

आपल्या भागातली किती तरी पोरे वाशीच्या मार्केटात माथाडी म्हणून गेली आणि तिकडेच स्थिरावली. आमचा मुलगाही कामानिमित्त नवी मुंबईत, सीवूड्सला राहतो. करावे, दारावे ह्या जुन्या आगरी-कोळी गावांच्या शेजारी सिडकोने वसविलेला हा खाडीकाठचा भाग. त्याने आईला तिकडे नेले आणि सांधेविकाराच्या तज्ज्ञ डॉक्टरांना दाखविले. रक्त तपासले, हातांचे एक्स-रे काढले. निदान झाले ऱ्हुमॅटॉइड संधिवाताचे. जुनी माणसे आमवात म्हणतात तो बहुधा हाच.

वयाने गुडघे झिजतात ते दुखणे वेगळे. ह्यात शरीराचे राखणदारच घरच्यांवर उलटतात. सांध्याचे अस्तर सुजते आणि वेळीच आवरले नाही तर आतले हाड खाल्ले जाते. पुरुषांपेक्षा बायकांना हा आजार दोन-तीन पटीने अधिक होतो.

सीवूड्सच्या तळ्यात हंगामात रोहित पक्षी उतरतात, तसलेच आपल्या भिगवणला उजनीच्या पाण्यावर दिसतात. त्या भिगवणचे नाव ह्या दुखण्याशीही जोडलेले आहे. १९९६ साली पुण्याचे डॉ. अरविंद चोपरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भिगवणला घरोघर फिरून चार हजारांवर प्रौढांची विचारपूस केली. शंभरात अठरा जणांना हाडा-सांध्यांची काही ना काही तक्रार निघाली, आणि साधारण दोनशे जणांत एकाला हा ऱ्हुमॅटॉइड संधिवात. म्हणजे हे शहरी लोकांचे दुखणे नव्हे. उसाच्या पट्ट्यातल्या प्रत्येक मोठ्या गावात ते असणारच.

औषध आधी

डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेटची गोळी सुरू केली. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. आम्ही वार ठरवून कॅलेंडरवर खूण केली. अधूनमधून रक्ततपासणीही करावी लागते. चार-पाच महिन्यांत सूज उतरली, सकाळचा आखडलेपणा गेला.

पण बळ आले नाही. डब्याचे झाकण निघेना, ओले लुगडे पिळता येईना. दोष थोडा आमचाही. “तू राहू दे, हाताला आराम दे,” म्हणत सुनेने भाकरी घेतली, मी धार घेतली. प्रेमापोटीच केले, पण वापर नसलेला हात आणखी वाळला. सहीसुद्धा बदलली. एका बँकेतून तिची पैसे काढायची स्लिप सही जुळत नाही म्हणून परत आली. त्या रात्री ती म्हणाली, “अहो, ऊस माझ्या नावावर, आन् सही माझी कुणी वळखंना!”

पुढच्या खेपेस सीवूड्सच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी हात पाहिला आणि म्हणाल्या, “काकू, सूज होती तोवर आराम ठीक होता. आता हाताला काम द्यायचं, पण मोजून.”

हे त्यांच्या मनचे नव्हे. इंग्लंडात ४९० रुग्णांवर ह्याची रीतसर पाहणी झाली व ती २०१५ साली ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. सर्वांची औषधे आधीपासून नीट चालू होती. त्यांतल्या निम्म्यांना नेहमीच्या उपचारासोबत हाताचे ठराविक व्यायाम शिकविले. वर्षअखेर त्यांच्या हाताच्या कामात इतरांपेक्षा सुमारे दुप्पट सुधारणा दिसली, आणि दुखणेही वाढले नाही.

व्यायाम असे

सकाळचा ताठरपणा गेल्यावर, कोमट पाण्यात हात शेकून बसावे.

१. हात टेबलावर ठेवून बोटे फाकावी, मिटावी.
२. तळहात टेबलावर सपाट ठेवून एकेक बोट अंगठ्याच्या बाजूला सरकवावे. ह्या आजारात बोटे करंगळीकडे कलतात, म्हणून ही उलट दिशा.
३. बोटांची आधी आकडी, मग पुरती मूठ, मग सरळ.
४. मनगट सावकाश गोल फिरवावे.
५. कणकेचा मऊ गोळा मुठीत दाबून पाच अंक मोजावे. मग तोच गोळा अंगठा व बोटांच्या चिमटीत दाबावा.
६. हात टेबलावर टेकवून, पंजा कडेबाहेर ठेवून, रबरी पट्टीच्या ताणाविरुद्ध मनगट वर उचलावे व हळूहळू खाली सोडावे. पट्टी किती ताणाची, हे थेरपिस्टनेच ठरवावे.

सुरुवात पाच-पाच वेळा, मग आठ-दहा. सोपे वाटू लागले की जोर थोडा वाढवावा. उसाला जसे एकदम सगळे खत टाकत नाही, तसेच हे. व्यायामाने थोडे दुखते, पण दुसऱ्या दिवशीही दुखणे वाढलेले राहिले तर जोर कमी करावा. सांधा लाल, गरम, सुजलेला असेल तेव्हा दाबायचे व्यायाम बंद ठेवून फक्त हलकी हालचाल करावी आणि डॉक्टरांना दाखवावे. बरे वाटले म्हणून गोळी मनाने सोडू नये. व्यायाम हा औषधाच्या जोडीला आहे, औषधाऐवजी नव्हे.

कामातही बदल केला. खुरप्याची मूठ जुनी चिंधी व सायकलची ट्यूब गुंडाळून जाड केली, म्हणजे बोटे फार आवळावी लागत नाहीत. घागरीऐवजी लहान कळशी, तीही दोन्ही हातांनी. कपडे पिळण्याऐवजी दोरीवर निथळत ठेवायचे.

पहिला महिना काहीच फरक दिसला नाही, तिने सोडून द्यायचे ठरविले होते. नात रोज संध्याकाळी कणकेचा गोळा पुढे ठेवी, म्हणून चालले. तिसऱ्या महिन्यात झाकण निघाले. आता दोन-तीन भाकरी थापते, चहाचे पातेले स्वतः उतरवते. धार मात्र अजून मीच काढतो, आणि वाकडी झालेली करंगळी सरळ होणार नाही, हेही डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे.

सभासदांना एकच विनंती. घरात कोणाची बोटे दोन्ही हातांना सुजत असतील आणि सकाळी तासभर मूठ मिटत नसेल, तर पुडीच्या नादी न लागता सहा आठवड्यांच्या आत डॉक्टरांना दाखवा. आणि सूज उतरल्यावर त्या माणसाच्या हातातले सगळे काम काढून घेऊ नका.

गेल्या वार्षिक सभेला सौ. माझ्यासोबत आली होती. हजेरीच्या रजिस्टरवर मी अंगठ्याचे पॅड पुढे सरकवले, ते तिने बाजूला केले आणि पेन मागितले. सही जरा वाकडी आली, पण पूर्ण नाव लिहिले.