थरांचा देश

सह्याद्री पर्वत म्हणून कधी उभारलाच गेला नाही. दोन भूखंडांच्या धडकेत जमिनीला वळ्या पडल्या आणि हिमालय वर आला. सह्याद्री मात्र एका अफाट पठाराची झिजत राहिलेली पश्चिम कड आहे. कोकणातून पाहिलं की तो डोंगर दिसतो. घाट चढून देशावर आलं की समोर पठार पसरलेलं असतं. या पठाराच्या पोटात कठीण आणि मऊ खडकांचे थर एकाआड एक रचलेले आहेत. महाराष्ट्रातले किल्ले, लेणी, विहिरी आणि दरडी या साऱ्यांचा उलगडा बऱ्याच अंशी या रचनेत होतो.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत असताना आज रीयुनियन बेटाखाली असलेल्या उष्ण स्रोतावर आला. जमिनीला लांबलचक भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हा दूरवर वाहत गेला. एक प्रवाह थिजला की त्यावर दुसरा, अशी भाकरीच्या चवडीसारखी रचना होत गेली. यातला बहुतेक लाव्हा दहा लाख वर्षांच्या आत बाहेर पडला असावा, असं आजचं वयमापन सांगतं. झीज होऊनही आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश या बेसॉल्टने व्यापला आहे.

हे उद्रेक सलग चालले नाहीत. मधल्या शांततेत वरचा खडक कुजून त्याची लाल माती झाली, खोलगट जागी तळी साचली. पुढच्या लाव्हाने ती माती भाजून काढली. कड्यांमध्ये दिसणारे गेरूचे तांबडे पट्टे ते हेच. मुंबईत वरळीच्या टेकडीत तळ्याच्या गाळाचा असा एक थर सापडला आणि त्यात बेडकांचे जीवाश्म मिळाले.

प्रत्येक प्रवाहाचा गाभा घट्ट असतो, माथा मात्र वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला असतो. पुढे या पोकळ्यांत खनिजं साचली. नाशिक-जळगाव भागातले झिओलाइटचे स्फटिक किंवा पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतलं निळं कॅव्हनसाइट जगभरचे संग्राहक ओळखतात. विहीर खणणारे मात्र त्याच ठिपकेदार, मऊ खडकाला सरळ ‘मांजऱ्या’ म्हणतात. त्यांना त्यातल्या स्फटिकांपेक्षा पाण्यात रस असतो. घट्ट काळा पाषाण पाणी अडवतो. मांजऱ्या, मुरूम आणि दोन थरांमधला सांधा पाणी धरतो आणि वाहू देतो. डोंगराच्या उतारावर हा सांधा उघडा पडला की तिथे झरा फुटतो.

लाव्हाने पठार रचलं, पण त्याला आजचा आकार दिला पाण्याने. अरबी समुद्रावरून येणारे ढग घाटमाथ्यावर सर्वांत जास्त रिते होतात. महाबळेश्वरला वर्षाला साधारण ५ ते ६ हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पूर्वेकडच्या पर्जन्यछायेत तो ५००-६०० मिलिमीटरवर येतो. एवढं पाणी कड्यावरून कोसळलं की मऊ थर आधी झिजतो, वरच्या कठीण थराचा आधार जातो आणि तो तुटून पडतो. त्यामुळे कडा उभाच राहतो, पण हळूहळू पूर्वेकडे मागे हटतो. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा याच झिजेने घडवला. १६४६ मीटर उंचीचं कळसूबाईचं शिखर हा मात्र न झिजता उरलेला भाग आहे.

महाबळेश्वरला कृष्णा आणि सावित्री दोन्ही उगम पावतात. सावित्री कडा उतरून बाणकोटला समुद्राला मिळते; कृष्णा त्याच समुद्राकडे पाठ फिरवून सुमारे १४०० किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला जाते. पठाराचा कल पूर्वेकडे असल्याने हे घडतं. आखूड आणि तीव्र उताराच्या कोकणी नद्या मात्र कड्याला पश्चिमेकडून कातत राहतात.

खडक कुजण्याची रासायनिक क्रियाही हवामानाप्रमाणे बदलते. भरपूर पावसात सिलिका वाहून जाते, लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरतं. कोकणातले सडे आणि पाचगणीचं पठार ज्या जांभ्याचं आहे, तो असा तयार होतो. गोव्याचा बहुतांश खडक लाव्हापेक्षा कितीतरी जुना, पण जांभा तिथेही आहे. तो कोणत्या खडकावर तयार होईल यापेक्षा पाऊस किती मुरेल यावर अधिक अवलंबून असतो. कोरड्या देशावर त्याच बेसॉल्टची काळी माती होते. ओली झाली की ती फुगते, वाळली की भेगाळते.

माणसाने ही रचना फार पूर्वीच ओळखली. गडांना तासलेले कातळकडे आयतेच मिळाले आणि माथ्यावरच्या घट्ट खडकात पाण्याची टाकी खोदता आली. वेरूळचं कैलास मंदिर सलग कातळातून वरून खाली कोरलं गेलं.

या थरांच्या खाली काय आहे, हे शोधायला भूकंप निमित्त ठरले. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेला ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला; ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीलाही भूकंप झाला. पुढे दोन्हीकडे खोल छिद्रं पाडली गेली. कोयना परिसरात एका ठिकाणी सुमारे ९३० मीटरवर बेसॉल्ट संपला, किल्लारीला ३३८ मीटरवर. खाली ग्रॅनाइटच्या जातीचा प्राचीन खडक लागला. दोन्ही भूकंपांचं मूळ या जुन्या पायात होतं. कोयनेत धरणाच्या जलाशयाने त्याला चालना दिली, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात.

दरडींचं कारण मात्र वरच्या थरातच असतं. माळीण (३० जुलै २०१४), तळिये (२२ जुलै २०२१), इरशाळवाडी (१९ जुलै २०२३) या तिन्ही दुर्घटना जुलैच्या मुसळधार पावसातल्या. उतारावरची कुजलेली माती आणि मुरूम पाण्याने भरून जड होतात, आतल्या पाण्याच्या दाबाने कणांची पकड सुटते आणि सगळा थर खालच्या कातळावरून घसरतो. रस्ता किंवा घर बांधताना उताराचा पायथा कापला की हा धोका वाढतो. विंधनविहिरींचा प्रश्नही थरांशीच जोडलेला आहे: एकेका थराने धरून ठेवलेल्या पाण्यापर्यंत यंत्र काही तासांत पोचतं, पण ते पाणी पुन्हा भरायला बरेच पावसाळे लागू शकतात.

आपण रस्ता, वस्ती आणि विंधनविहीर यांची आखणी वरून पाहिलेल्या सपाट नकाशावर करतो. महाराष्ट्राची जमीन मात्र उभ्या छेदातच कळते. गावाच्या आराखड्यात सातबाऱ्याच्या गटांइतकंच खालच्या थरांना आणि झऱ्यांच्या जागांना स्थान मिळालं, तर पाणी कुठे टिकेल आणि कोणत्या उतारावर घर बांधू नये, हे पाऊस सुरू होण्याआधीच बऱ्याच अंशी ठरवता येईल.