जर्मनीतील उच्च शिक्षण : निघण्यापूर्वीची तयारी

जर्मनीत शिक्षण विनामूल्य मिळते, हे वाक्य आता तालुक्याच्या गावीही ऐकू येते. ते बव्हंशी खरे आहे. परंतु विनाशुल्क म्हणजे विनाखर्च नव्हे. हा भेद वेळीच ध्यानी न घेतल्यास जमीन गहाण ठेवून काढलेले कर्ज व्यर्थ जाण्याचा संभव असतो. म्हणून विद्यार्थी, पालक व शिक्षक यांच्या माहितीसाठी काही गोष्टी येथे देत आहोत.

तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. दर सहामाहीस अल्पशी वर्गणी तेवढी भरावी लागते. यास अपवाद आहेत. बाडेन-वुर्टेंबर्ग राज्यात २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांस दर सहामाहीस १,५०० युरो शुल्क आहे. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ पासून असे शुल्क सुरू केले.

खरा भार निर्वाहखर्चाचा. व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाची तरतूद दाखवावी लागते. ही रक्कम सप्टेंबर २०२४ मध्ये ११,९०४ युरो अशी ठरविण्यात आली. बहुतेक विद्यार्थी ती स्वतःच्या नावे ‘ब्लॉक्ड अकाउंट’ नावाच्या खास खात्यात ठेवतात. तेथे पोहोचल्यावर दरमहा ९९२ युरो काढता येतात. हे शुल्क नव्हे, विद्यार्थ्याचीच ठेव होय. ती आपल्या खात्यात भरावयास सांगणाऱ्या मध्यस्थास स्पष्ट नकार द्यावा.

कागदपत्रांची सिद्धता वर्षभर आधी आरंभावी. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांस व्हिसासाठी सामान्यतः ‘एपीएस’ प्रमाणपत्र आवश्यक आहे. शैक्षणिक कागदपत्रांच्या खरेपणाची तपासणी करून ते दिले जाते. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी, तर पारपत्रावर शेवटी, असे अनेकदा आढळते. नावातील असा फरक अगोदरच दुरुस्त करून घेणे इष्ट. मराठी दाखल्यांचे प्रमाणित भाषांतरही करून ठेवावे. बारावीनंतर थेट प्रवेश सहसा मिळत नाही. भारतातील मान्यताप्राप्त विद्यापीठात त्या शाखेचे निदान एक वर्ष यशस्वीपणे पुरे करणे हा एक रूढ मार्ग आहे. ऑक्टोबरमध्ये सुरू होणाऱ्या हिवाळी सत्रासाठी अर्जाची मुदत अनेक ठिकाणी १५ जुलै असते.

शिकत असता वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करण्याची मुभा आहे. मात्र या मिळकतीवर कर्जफेडीचा हिशेब बांधू नये.

अनुसूचित जाती, विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी केंद्र शासनाची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपेक्षा अधिक नसावे, ही तिची एक अट होय. अभ्यासक्रमांची माहिती ‘डाड’ ही जर्मन संस्था विनामूल्य पुरविते.

सारांश, क्रम महत्त्वाचा : आधी माहिती, मग कागदपत्रे, त्यानंतर अर्ज, आणि सर्वांत शेवटी कर्ज. विद्यापीठाचे प्रवेशपत्र हाती पडून त्याची खातरजमा होईपर्यंत जमिनीच्या कागदांस हात लावू नये.