सवलत आली, पायरी तेवढीच उंच

ऑगस्ट 2022पासून महाराष्ट्रात 75 वर्षांवरील ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत झाला; 65च्या पुढे अर्धं तिकीट आहेच. सोय मोलाचीच आहे. पण स्टँडपर्यंत पोहोचायचं कसं? रिक्षा करावी तर तिकिटाचे वाचलेले पैसे तिथेच जातात. चालत जावं तर वाटेत फूटपाथ आणि सिग्नल.

पायी चालणाऱ्यांच्या सोयींसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. फूटपाथ रस्त्यापासून 15 सेंटीमीटरपेक्षा उंच नसावा, चालायला किमान 1.8 मीटर मोकळी जागा असावी, असं त्यांत सांगितलं आहे. आपल्या गल्लीत मात्र प्रत्येक सोसायटीच्या गेटपाशी फूटपाथ खाली उतरतो आणि पुढे पुन्हा चढतो. शंभर पावलांत चार-पाच चढउतार. गुडघे धरलेला माणूस सरळ रस्त्यावरून चालू लागतो, आणि मागून येणारा दुचाकीवाला त्यालाच ओरडतो. खरं तर फूटपाथ सलग ठेवून गाडीला चढायला छोटा उतार दिला, की काम भागतं. गाडीला गुडघे नसतात.

सिग्नलचंही तसंच. पादचारी सेकंदाला 1.2 मीटर चालतो, असं धरून हिरव्या दिव्याची वेळ बेतण्याची पद्धत अनेक देशांत आहे. इंग्लंडमध्ये 65च्या पुढच्या लोकांचा वेग मोजला, तेव्हा सरासरी पुरुषांची 0.9 आणि स्त्रियांची 0.8 मीटर भरली. म्हणजे 18 मीटर रुंद रस्ता ओलांडायला हिशेबाने 15 सेकंद, आजींना मात्र साडेबावीस. उरलेले साडेसात सेकंद त्या सुटलेल्या वाहनांच्या मध्ये असतात. सिंगापूरने 2009 साली यावर उपाय काढला: ज्येष्ठांनी सिग्नलच्या खांबावर आपलं कार्ड टेकवलं, की हिरवा दिवा थोडा जास्त वेळ राहतो.

बाकांचा विचार आपण बागेपुरताच करतो. दम लागतो तो बागेत पोहोचण्याआधी. वाटेत दर थोड्या अंतरावर बाक हवा, पाठ टेकता येईल असा आणि दोन्ही बाजूंना हात असलेला. त्या हातांवर जोर दिल्याशिवाय अनेकांना उठताच येत नाही. आणि स्वच्छतागृह. बाहेर जायचं म्हणून सकाळपासून पाणीच न पिणाऱ्या बायका आपल्या घराघरांत आहेत. कुणी ते बोलून दाखवत नाही, म्हणून नियोजनातही येत नाही. मला हे सर्वांत जास्त खुपतं.

यातलं बरंचसं काम वॉर्डाच्या पातळीवरचं आहे. पुण्यात 2006पासून महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून आपल्या भागातली कामं मागवली जातात. ज्येष्ठ नागरिक संघांनी आपली नेहमीची वाट एकदा चालून पाहावी, कुठे पाय अडतो, कुठे बसावंसं वाटतं, ते लिहून काढावं आणि तेच त्या अर्जात भरावं: अमुक गेटसमोरचा फूटपाथ सलग करा, औषधाच्या दुकानाशेजारी हात असलेला बाक द्या, भाजी मंडईतलं स्वच्छतागृह दिवसभर उघडं ठेवा.