नेगनची बॅट आणि चिडलेले प्रेक्षक

इथं बेंगळुरूत आमच्या सोसायटीतली तरुण मुलं ‘द वॉकिंग डेड’च्या सहाव्या सीझनचा विषय निघाला की अजूनही तावातावानं बोलतात. त्याचा शेवटचा भाग अमेरिकेत ३ एप्रिल २०१६ ला लागला. ११ जण गुडघ्यांवर बसलेत. नेगन नावाचा खलनायक त्यातला एक निवडतो आणि डोक्यात बॅट घालतो. कोणाच्या, ते दिसतच नाही! उत्तर थेट २३ ऑक्टोबरला.

लोक मरणामुळे चिडले नाहीत. झॉम्बींच्या मालिकेत माणसं मरायचीच. चिडले लपवाछपवीमुळे. टेकडीमागं शत्रू आहे की नाही, ही उत्कंठा. पण टेहळणी चौकीवरच्या जवानानं आपला माणूस पडताना पाहिला आणि वायरलेसवर म्हणाला, ‘नाव सहा महिन्यांनी सांगतो’, तर? आपला वेताळ बघा. विक्रमाला आधी गोष्ट पूर्ण सांगतो, मग प्रश्न टाकतो.

उत्तराच्या भागाला अमेरिकेत सुमारे १ कोटी ७० लाख प्रेक्षक होते, पुढच्याच आठवड्यात सुमारे १ कोटी २५ लाख. काहींना त्यातला रक्तपात सोसला नाही, हेही खरं. पण माझ्या मते बरेच जण फक्त नाव ऐकायला आले होते. अब्राहम आणि ग्लेन गेले हे कळलं, आणि उठले.